एकच प्याला: सुधाकर पहिल्या प्याल्याने घसरतो की त्याच्या आधीच?

बर्डीचा_नट:
मंडळी, आमच्या नागपूरच्या नाटकाच्या ग्रुपमधलं भांडण इथे आणतोय. तिथे आता कोणी कोणाचं ऐकून घेईना.

थंडीत गडकऱ्यांचं 'एकच प्याला' करायचं ठरलं आहे. सायंटिफिक सभागृहात तारीख मिळाली तर तिथे, नाही तर जिथे मिळेल तिथे. गद्य प्रयोग, पदं एखाददोनच. पाच अंक सव्वादोन तासांत बसवायचे म्हणजे कात्री लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिग्दर्शकाने पहिली कात्री लावली ती मुन्सफाच्या भानगडीला. त्याचं म्हणणं, नाटक दारूचं आहे आणि लोक दारूचंच बघायला येणार. पडदा वर गेला की दहाव्या मिनिटाला प्याला ओठाला लागला पाहिजे.

सुधाकर मी करतोय, आणि मला हे पटत नाही.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधाकर गरिबीतून स्वतःच्या हुशारीवर वर आलेला वकील. बायको सिंधू श्रीमंताघरची. कोर्टात एका मुन्सफाशी, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाशी, त्याचा खटका उडतो आणि सहा महिन्यांसाठी वकिलीची सनद जाते. त्याला झोप लागत नाही, लोकांत जायची लाज वाटते. अशा वेळी त्याचाच कारकून तळीराम त्याला एक प्याला देतो, फक्त एकच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: धंदा गेला, घर गेलं, सिंधू दळण दळू लागली. शेवटी त्याच्याच हातच्या काठीने तान्हं मूल जातं, सिंधू जाते आणि तो विष घातलेला प्याला पिऊन मरतो.

माझं मत असं की सुधाकर प्याल्याच्या आधीच घसरलेला आहे. त्याला अपमान सोसत नाही. दारू त्याला फक्त रस्ता दाखवते. मुन्सफ कापला तर उरतो तो एक दारुडा. त्याची दया येईल, पण शोकांतिकेचा नायक म्हणून तो उभा राहणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

तर्री_मारके:
मुन्सफाशिवाय सुधाकर म्हणजे तर्रीशिवाय पोहे. कापायचंच असेल तर सुधाकरच्या त्या मित्राची, रामलालची भाषणं कापा ना बाप्पा. अर्धा तास तिथेच वाचते.

बर्डीचा_नट:
रामलाल करणारा आमच्या ग्रुपचा खजिनदार आहे. समजून घ्या.

धनवटेचा_जुना_प्रेक्षक:
धनवटे रंगमंदिर जुन्या रूपात उभं होतं तेव्हापासून नाटकं बघत आलोय, म्हणून दोन शब्द.

हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला पहिल्यांदा केलं. सिंधू बालगंधर्व आणि सुधाकर गणपतराव बोडस. भरजरी शालूंसाठी ज्यांची ख्याती, ते बालगंधर्व ठिगळांचं लुगडं नेसून जात्यावर बसले. लोक रडले ते त्या सिंधूसाठी. पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची. 'कशि या त्यजू पदाला' ऐकायला माणसं परत परत जायची. याचा परिणाम असा झाला की पिढ्यान्‌पिढ्या हे नाटक सिंधूचं म्हणूनच पाहिलं गेलं, आणि सुधाकर दोन पदांच्या मधल्या जागेत घसरत राहिला. एका पदात सावध असलेला माणूस पुढच्या पदाला झिंगलेला दिसायचा. मधली पायरी दाखवायला वेळच नसायचा, वन्समोअर घ्यायचे की पायऱ्या दाखवायच्या?

तुम्ही गद्य करताय तर ही संधी आहे. पायऱ्या दाखवा. पण पहिली पायरीच कापून नाही.

सावनेरचा_पोट्टा:
कोनी बोललं नाही म्हणून मी बोलतो. गडकरी मास्तर आमच्या सावनेरात गेले, २३ जानेवारी १९१९ ले. भाऊ होता त्यायचा इकडे. क्षय झाला होता. 'भावबंधन' नाटकाचं शेवटचं लिखाण इथंच झालं. बडोद्याचा प्रयोग त्याच्या नंतर महिन्याभराच्या आतच झाला, म्हणजे ज्या नाटकानं सगळा महाराष्ट्र रडवला ते त्यायनं स्टेजवर पाह्यलंच नाही. वय अवघं तेहतीस.

नागपूरवाले तुमी हे नाटक करून राहिले, तर एक प्रयोग सावनेरात करा. हॉल आमी पाहून घेऊ.

बर्डीचा_नट:
सावनेरचं डोक्यात ठेवतो भाऊ. खरंच.

सदरचे_वकीलसाहेब:
मी दिवाणी कोर्टात उभा राहतो, त्यामुळे मला हा प्रश्न नाटकापेक्षा धंद्याचा वाटतो.

सनद सहा महिने गेली म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. वाटतं की सहा महिने सुट्टी, मग पुन्हा सुरू. तसं नसतं. पक्षकार कागदपत्रं मागायला येतात, फी परत मागतात. चालू प्रकरणं दुसऱ्याकडे जातात आणि गेलेलं प्रकरण परत येत नाही. बाररूममध्ये तुम्ही आलात की बोलणं थांबतं. ज्याच्या मागे बापजाद्यांचं ऑफिस आहे तो हे निभावून नेतो. सुधाकर पहिल्या पिढीचा वकील आहे. त्याच्याकडे इस्टेट नाही, नाव आहे, आणि नेमकं तेच काढून घेतलं गेलं. कोर्टातला प्रसंग न दाखवता प्याला दाखवाल तर आजचा प्रेक्षक विचारेल, याला एवढं झालं तरी काय होतं?

दुसरी गोष्ट, तळीराम कारकून आहे. गडकऱ्यांनी त्याला मित्र केलं नाही, शेजारी केलं नाही, सासुरवाडीचा पाहुणाही केलं नाही. वकिलाचं दुखणं सगळ्यात आधी त्याच्या कारकुनाला कळतं. कोणता पक्षकार निघून गेला, कोणाचं भाडं थकलं, साहेब रात्री किती वाजेपर्यंत दिवा लावून बसले, हे त्याला ठाऊक असतं. तळीराम प्याला पुढे करतो तो अचूक त्या रात्री. ही निवड फार हुशार आहे आणि मला वाटतं तिला वकिलाचाच वास आहे. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्या वऱ्हाडात वकिली करत होते, खामगाव, जळगाव जामोद भागात. तिथे गुरूच्या तोंडून काय काय ऐकलं असेल, कोण जाणे.

तर्री_मारके:
वकीलसाहेब, तुमचा कारकून हा धागा वाचतो का?

सदरचे_वकीलसाहेब:
वाचतो. आणि तो चहासुद्धा पीत नाही. मीच पितो.

रात्रपाळी_डॉक्टर:
मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे आणि माझं मत वरच्या सगळ्यांच्या उलट आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाजवळ एक मुन्सफ असतो. कुणाचा साहेब असतो, कुणाचा मोठा भाऊ, कुणाची सुटलेली नोकरी, तर कुणाची न झालेली सोयरीक. आणि ती हकीकत खोटी नसते, अपमान खरोखर झालेला असतो. पण तिचं काम बदललेलं असतं. ती आधी दुःख होती, आता परवाना झाली आहे. बर्डीचे नट म्हणतात तसं मुन्सफाला नाटकाच्या पायथ्याशी बसवलंत तर प्रेक्षकसुद्धा म्हणेल, बिचारा, याच्यावर अन्याय झाला म्हणून हा प्यायला. म्हणजे तुम्ही सुधाकरला तोच परवाना हातात दिलात.

नाटक स्वतः मात्र इतकं भोळं नाही. तळीरामाला कोणत्या मुन्सफाने छळलं? आर्य मदिरा मंडळात, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळात, बसलेले शास्त्री, खुदाबक्ष, मवाळ, जहाल, सुधारक, यांच्यातल्या प्रत्येकाचं कारण निराळं आहे आणि प्याला एकच आहे. गडकऱ्यांनी तो प्रवेश विनोदी केला कारण कारणांची ती जत्रा मुळात हास्यास्पद आहे.

आणखी एक. पुढे सुधाकर रामलालला व्यसनाच्या अवस्था समजावून सांगतो. मी वाचत होतो तेव्हा पेन्सिलीने खुणा करत गेलो. सुरुवातीला माणूस आपण होऊन पितो, मग सवयीने, आणि नंतर न पिणंच अशक्य होतं. शरीर उलट मागणी करायला लागतं हे त्याला नेमकं दिसलं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झाली. त्यांचंही सांगणं हेच की दहावा पेग नव्हे, पहिला टाळा. गडकऱ्यांनी ते सोळा वर्षं आधी नाटकाच्या नावातच घालून ठेवलं होतं.

आता नैतिक घसरणीबद्दल. मला विचाराल तर ती पहिल्या प्याल्याला होत नाही, मुन्सफापाशीही होत नाही. सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, काम मागायला जुन्या ओळखीच्या लोकांच्या दारात जातो, तिथे त्याची हेटाळणी होते आणि तो परत फिरतो तो आता कायमचं पिणार म्हणून. ती जागा. आधी तो घसरत होता. तिथे तो ठरवतो. त्या प्रवेशाला हात लावू नका.

महालातली_सून:
डॉक्टरसाहेब, 'परवाना' मी ग्रुपवर चोरते आहे. आमच्या वाड्यात दोन जणांकडे आहे.

धरमपेठची_वैदेही:
इतक्या पोस्टी झाल्या आणि सिंधू अजून ठिगळाच्या लुगड्यातच आहे. कोणी तिच्याकडून मोजणार आहे का?

नायकाची नैतिक घसरण मोजायची तर तो किती प्यायला याने मोजू नका, त्याने बायकोकडून काय काय काढून घेतलं याने मोजा. पैसा तर जातोच. पण माहेरून मदत घ्यायची नाही, हा निर्बंध तो तिच्यावर घालतो. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. स्वतः कमावत नाही, तिला दळायला लावतो आणि मान मात्र स्वतःचा जपतो. भावाच्या घरी गेली तर दोन वेळचं जेवण मिळेल, पण ते याच्या स्वाभिमानाला चालत नाही! इथे तर नट म्हणतात तेच सिद्ध होतं, दारू त्याला चढली त्याच्या आधी मान चढला होता. त्याच्या स्वाभिमानाचं भाडं सिंधू भरते.

मग तो तिच्यावर संशय घेतो, रामलालचं नाव घेऊन. मग काठी. आणि मरताना ती फौजदारासमोर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. आजच्या प्रयोगात हे कसं करणार आहात? टाळ्या घेणार आहात का त्या खोट्यावर? कोर्टात आणि दवाखान्यात बायका आजही तेच सांगतात, पडले, मोरीत पाय घसरला. मी सामाजिक काम करते म्हणून माहीत आहे.

माझी सूचना: गीता वाढवा. तळीरामाची बायको. ती बोलते, भांडते, नवऱ्याला दूषणं देते. सिंधूच्या शेजारी गीता उभी केली की सिंधूचं गप्प राहणं आपोआप प्रश्न होऊन बसतं, वेगळं भाषण लागत नाही.

तर्री_मारके:
वैदेहीताई, खजिनदाराला सांगा. रामलालची मिनिटं गीताला.

रात्रपाळी_डॉक्टर:
संशयाबद्दल एक भर. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये जोडीदारावरचा संशय हे आम्हाला वारंवार दिसणारं लक्षण आहे. कितीही पुरावे दिले तरी तो हलत नाही. मानसोपचारात अशा भ्रमाला ऑथेल्लो सिंड्रोम असंही म्हणतात. त्यामुळे तो संशय 'नाटकी' वाटतो म्हणून कापू नका, तो नाटकातला सगळ्यात वास्तव भाग आहे.

निवृत्त_इंग्रजीचे_मास्तर:
ऑथेल्लोचं नाव निघालं तेव्हा आता मला कोणी थांबवू नये.

वैदेहीबाईंनी ज्या खोट्याचा उल्लेख केला, ते खोटं मराठीत येण्याआधी तीनशे वर्षं इंग्रजीत बोललं गेलं आहे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त डेस्डिमोनाला नवऱ्याने, ऑथेल्लोने, संशयापायी गुदमरवलं, आणि तिला विचारलं हे कोणी केलं, तर ती सांगते की कोणी नाही, मीच. मग प्राण सोडते. गडकरी शेक्सपिअरचे भक्त, आणि 'ऑथेल्लो'वरून केलेला देवलांचा 'झुंझारराव' मराठी रंगभूमीवर १८९० पासून होताच. सिंधू आकाशातून पडलेली नाही. फरक असा की डेस्डिमोनाच्या खोट्यावर शेजारी तिची दासी एमिलिया उभी आहे आणि ती सत्य ओरडून सांगते, ते तिच्या जिवावर बेतलं तरी. सिंधूच्या उशाशी कोणी ओरडणारं नाही. म्हणून गीता वाढवा ही सूचना मला नाट्यदृष्ट्याही पटते.

पण मूळ प्रश्नासाठी मला शेक्सपिअरचाच मॅकबेथ जवळचा वाटतो. शिरवाडकरांनी त्याचा 'राजमुकुट' केला. डंकनच्या खुनाआधी मॅकबेथ एकटा बसून हिशोब मांडतो: हा माझा नातेवाईक, माझा राजा, आज माझा पाहुणा, शिवाय चांगला माणूस. मारायला कारण एकच, माझी हाव. इतकं स्वच्छ दिसत असूनही तो मारतो. पहिला खून स्वतःच्या हाताने, थरथरत. मित्राला, बँक्वोला, मारायला माणसं पाठवतो. पुढे मॅकडफच्या बायकामुलांना मारायला तर कारणसुद्धा लागत नाही. पाप वाढत जातं आणि थरथर कमी होत जाते, ती घसरण. पुढे तो म्हणतोच की रक्तात इतका आत आलो आहे की मागे फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच कष्टाचं.

सुधाकरचं उलट आहे. त्याला दिसतं ते नंतर. रामलालला अवस्था समजावताना त्याची बुद्धी मॅकबेथइतकीच लख्ख आहे, पण ती हिशोब मांडते ते सगळं घडून गेल्यावर. म्हणून मला सुधाकर जास्त भयंकर वाटतो. हुशारी शाबूत आहे, पण ती आता फक्त पंचनामा करू शकते.

आणि रामलालला इतकं हसू नका. तोसुद्धा घसरतो हे विसरलात काय? शरदला, सुधाकरच्या विधवा बहिणीला, तो मुलीसारखी मानतो आणि तिच्याच मोहात पडतो. पण भानावर येऊन तिच्यावर प्रेम करणाऱ्या भगीरथासाठी बाजूला होतो. एकाच नाटकात दोन घसरणारे, एक वळतो, एक वळत नाही. ते उपकथानक पूर्ण कापलंत तर सुधाकरची घसरण कशाशी ताडून बघणार?

बर्डीचा_नट:
मास्तर, खजिनदाराने तुमची पोस्ट ग्रुपवर टाकली आहे. मोठ्या अक्षरांत.

पुण्याचा_पाहुणा:
सगळं वाचलं. नागपूरकरांनी दारूबंदीचं नाटक करावं यातच एक विनोद आहे.

तर्री_मारके:
आमच्या बाजूला वर्धा आहे, महाराज. गांधीजींचा जिल्हा, कित्येक वर्षं कोरडा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ ला लावली, २०२१ ला उठवली. विदर्भाने दारूबंदीचा जितका अनुभव घेतला तितका तुमच्या पेठांनी घेतला नसेल. आधी वाचत जा, मग विनोद करत जा.

पुण्याचा_पाहुणा:
बरं बुवा. पण बंदीनंतर सुधाकर सुधारले का?

महालातली_सून:
तो वेगळा धागा काढा हो. इथे सुरू झालं तर पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल.

झाडीपट्टीचा_पंखा:
आमच्या वडसा भागात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होते. रात्री दहा-अकराले पडदा वर जाते, पहाटेपर्यंत चालते. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की गावात त्या रात्री नाटक पाहिजेच. दारुडा नवरा हे आमच्याकडे पक्कं पात्र आहे, अजूनही. पण एक सांगतो. आमचा प्रेक्षक दारुड्यावर पहिला तास हसते. त्याचं पडणं, त्याची बोबडी, सगळ्यावर शिट्ट्या. मग ज्या क्षणी तो पोरावर हात उचलते त्या क्षणी मंडप गप्प. नट चांगला असला तर त्याले माहीत असते की हसू आपणच कमावलं आणि आता आपणच ते परत घेऊन राहिलो.

म्हणून तळीराम आणि आर्य मदिरा मंडळ कापू नका. तिथं हसलेला माणूसच शेवटी जास्त हादरते. शहरातले लोक विनोद कापतात, त्यायले वाटते शोकांतिका म्हणजे सगळ्यांनी तोंड पाडून बसायचं.

धनवटेचा_जुना_प्रेक्षक:
झाडीपट्टीवाल्यांना शंभर टक्के. तळीराम मरतो तेव्हाही डॉक्टर आणि वैद्य उशाशी भांडत असतात. मरणावर हसवण्याची ती हिंमत गडकऱ्यांचीच. बाळकराम या नावाने विनोद लिहिणारा आणि गोविंदाग्रज नावाने कविता करणारा माणूस एकच होता, हे त्या प्रवेशात कळतं. आणि लक्षात घ्या, तळीरामाची 'नैतिक घसरण' असं कोणी म्हणत नाही. तो पहिल्या प्रवेशापासून तळालाच आहे. घसरायला आधी उंची लागते.

दिग्दर्शक_बोलतोय:
नमस्कार. धाग्यात ज्याच्या नावाने शिमगा चाललाय तो मी. बर्डीच्या नटाने लिंक स्वतःहून पाठवली, त्याचं कौतुक.

माझी बाजू ऐका. मी मुन्सफ कापला तो दारूचं नाटक करायचं म्हणून नाही, ते नटाने आपल्या सोयीने लिहिलं आहे. मी तो कापला कारण डॉक्टरसाहेब म्हणतात तो धोका मला तालमीतच दिसला. नट मुन्सफावर इतका तापतो, इतक्या तळमळीने अन्याय सांगतो की प्याला हातात घेतो तेव्हा मलाच वाटतं, पी बाबा, तुझं बरोबर आहे. प्रेक्षक सुधाकरच्या बाजूने गेला की सिंधू फक्त सोसायला उरते. मला ते नको आहे.

पण वकीलसाहेबांचंही खोटं नाही. सहा महिन्यांची सनद हा भाग गेला तर पाया जातो.

बर्डीचा_नट:
मी तापतो कारण सुधाकर तापलेला आहे!

दिग्दर्शक_बोलतोय:
हेच. हेच मी रोज तालमीत ऐकतो.

सदरचे_वकीलसाहेब:
मग मधला मार्ग सुचवतो, मान्य नसेल तर सोडून द्या. अन्यायाची हकीकत सुधाकरच्या तोंडी ठेवूच नका. ती तळीरामाच्या तोंडी घाला. साहेबांचा कसा अपमान झाला, साहेबांसारख्या माणसाला त्या मुन्सफाने कसं वागवलं, सनद कशी गेली, लोक काय बोलतात, सगळं कारकून सांगतो. हळहळत, मायेने. सुधाकर फक्त ऐकतो. आणि सांगून झाल्यावर तोच प्याला भरतो. प्रेक्षकाला सनदेचं कळेल, आणि ती हकीकत कोणाच्या कामाची आहे हेही कळेल.

रात्रपाळी_डॉक्टर:
हे मला चालेल. चालेल काय, असंच घडतं. परवाना माणूस क्वचितच एकटा लिहितो. शेजारी बसलेला कोणी तरी मजकूर सांगत असतो.

निवृत्त_इंग्रजीचे_मास्तर:
मॅकबेथच्या चेटकिणीही याहून वेगळं काय करतात? त्याच्या मनातलंच त्याला मोठ्याने ऐकवतात. फक्त मूळ संहितेत स्वतःची वाक्यं घुसडू नका. गडकऱ्यांची भाषा आहे, ठिगळ लगेच दिसतं. सुधाकरचीच वाक्यं उचलून, पुरुष बदलून तळीरामाला द्या.

बर्डीचा_नट:
म्हणजे माझी पहिल्या अंकातली सगळी वाक्यं तळीरामाला गेली आणि मी खुर्चीत बसून ऐकायचं. वा.

पण आज रात्री घरी करून बघितलं, बायकोला तळीरामाची वाक्यं वाचायला लावून. गप्प बसून आपल्या अपमानाची गोष्ट दुसऱ्याकडून ऐकताना एक भलतीच गंमत होते: बरं वाटतं. राग येण्याऐवजी सुखावल्यासारखं होतं, कोणी तरी आपली बाजू इतकी नीट मांडतंय म्हणून. तो हात पुढे करतो तेव्हा नाही म्हणणं असभ्यपणाचं वाटतं. दिग्दर्शकसाहेब, उद्या तालमीत करून दाखवतो. आवडलं नाही तर मुन्सफ परत माझ्याकडे.

धरमपेठची_वैदेही:
आणि तुमच्या बायकोने तळीराम वाचला? मग आता तिलाच गीता द्या.

बर्डीचा_नट:
ती म्हणते गीता नको, तळीरामच हवा.

महालातली_सून:
द्या की! गंधर्व सिंधू करू शकतात तर वहिनी तळीराम का नाही?

दिग्दर्शक_बोलतोय:
तळीराम ठरलेला आहे. आज त्याची वाक्यं दुप्पट झाली आहेत, आता तो जागा सोडणार नाही. वहिनींना गीता, वाढवलेली. माहेरच्या निर्बंधाचा प्रवेश पूर्ण ठेवतो, काम मागण्याचा पूर्ण ठेवतो. रामलाल आणि शरद दोन प्रवेशांत आटोपतो. फौजदाराच्या वेळी गीता स्टेजवर असेल, एकही वाक्य न बोलता. काय दिसतं ते तालमीत बघू.

सावनेरचा_पोट्टा:
सगळं ठरलं पण सावनेरचं कोनी बोलून नाही राहिलं. २३ जानेवारी मोकळी ठेवा.

तर्री_मारके:
तिकीट किती ठेवून राहिले? आणि मध्यंतरात पोहे असतील तर आधी सांगा, घरून उपाशी येतो.